शुक्रवारचा शेवटचा तास

शनिवार, १२ जुलै
खडकी

दादा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुझी जी काही मिनिटं मिळतात ती आई 'जेवलास का' आणि 'गुडघा कसा आहे' यातच संपवते आणि मला शेवटी नुसतं 'बाय' म्हणायला देते. म्हणून आता मी लिहिणार. खडकीहून खडकवासल्याला! पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "अगं, बसने गेलीस तर पत्राआधी पोचशील." मी म्हटलं, "पोचेन हो, पण लष्करी प्रबोधिनीच्या गेटातून मला आत कोण सोडणार?"

शाळेत सध्या युद्ध चालू आहे, तुमच्यापेक्षा मोठं. उल्का मॅडमना तू विसरला नसशील, तुझ्या इंग्रजी निबंधाला दहापैकी साडेचार देणाऱ्या. त्यांनी आमच्या नववीला शुक्रवारचा शेवटचा तास चर्चेसाठी दिलाय. विषय आपण काढायचा, बोलायचं आपण, त्या मागच्या बाकावर बसून ऐकणार. मागच्या शुक्रवारी 'गणवेश असावा का' झालं. काल शेफाली उभी राहिली आणि म्हणाली, अमेरिकेतली काळ्या लोकांची चळवळ घेऊ या. पोलिसाच्या गुडघ्याखाली एक माणूस मेला आणि मग लाखो लोक रस्त्यावर उतरले, ती. शेफालीने त्यावर म्हणे सगळं वाचलंय. तिचं वाचन म्हणजे बरंचसं रील्स, पण ते असो, ती बोलते छान. तिचा आवाज कापत होता, खरंच.

तर संभाजी उठला. हा पाचवीपासून आमच्या वर्गात आहे, त्याचे वडील बाबांच्या फॅक्टरीतच आहेत. वर्गात तो तोंड उघडत नाही, कबड्डीच्या मैदानावर तेवढं उघडतो. म्हणाला, "मला हा विषय नको."

"का नको?"

"अमेरिकेचं आपल्याला काय?"

"अन्याय कुठलाही असला तरी आपला असतो," शेफाली म्हणाली. अर्ध्या वर्गाने बाकं वाजवली.

"मग जवळचा घे ना. इथला घे."

यावर कुणीतरी मागून म्हणालं, "जातबित नको हां शाळेत!" आणि सगळे हसले. संभाजी हसला नाही. बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

या सगळ्यात वर्गाची एक गंमत सांगू? जो कुणी बोलत होता, तो बोलता बोलता एकदा इस्राकडे बघून घेत होता. इस्रा म्हणजे माझी इस्रा, सुदानची. तिच्या आईने पाठवलेली शेंगदाण्याची बिस्किटं तू एकट्याने फस्त केली होतीस, आठवतंय ना? ती दुसरीपासून माझ्या शेजारी बसते. तिचा 'ळ' इतका स्वच्छ आहे की मराठीच्या बाई आम्हाला तिचं उदाहरण देऊन लाजवतात. तर ती काल पूर्ण तासभर पेन्सिलीला टोक काढत बसली होती. पेन्सिल संपेल असं वाटलं मला.

तुझं मत कळव. मी अजून ठरवलेलं नाही, पण शेफालीला सांगितलंय की मी तिच्या बाजूने आहे.

तुझी,
सलोनी


रविवार, २० जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! त्यातली एक 'तिळाची चटणी पाठव' अशी. चटणी आईने केली आहे, सोबत येत आहे.

मत मात्र तू दिलं नाहीस. 'दोघांचं ऐकून घे' म्हणजे काय मत झालं?

विषय आता वर्गाबाहेर गेलाय. कुणाच्या तरी आईने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, शाळेत कोवळ्या मुलांच्या डोक्यात राजकारण भरतात. मग दुसरे कुणी, आमच्या वेळी असं नव्हतं. तिसरे, तुमच्या वेळी तुम्ही वर्गात होतात का? दिवसभर चाललं होतं. शेवटी आपल्या बाबांनी लिहिलं (आईने मला वाचून दाखवलं): 'चर्चा झालीच पाहिजे. माणूस माणसाला कसा वागवतो हे मुलांना शाळेत नाही तर कुठे कळणार?' त्यावर इतके अंगठे आले की बाबा त्या दिवशी स्वतःहून भाजी आणायला गेले. मला इतका अभिमान वाटला दादा! शेफालीने मला मिठी मारली. म्हणाली, तुझे बाबा ग्रेट आहेत.

मुख्याध्यापकांनी उल्का मॅडमना बोलावून घेतलं होतं. काय झालं ते त्या सांगत नाहीत, पण चर्चा ८ ऑगस्टला होणार एवढं ठरलंय. तोवर 'वातावरण शांत होऊ द्या' म्हणे.

आमच्या वर्गातली अर्शिया मात्र मला डब्याच्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणाली, "सगळे एवढे भांडताय, इस्राला विचारलं का तिला हे हवंय की नकोय?" मी म्हटलं, "तिला का नको असेल? तिच्या बाजूनेच तर बोलतोय." अर्शिया म्हणाली, "इतिहासाच्या तासाला अमुक धडा आला की अख्खा वर्ग माझ्याकडे बघतो, माहितीये? जसं काही मीच घोड्यावर बसून आले होते." मला हसू आलं आणि मग आलं नाही.

इस्राला मी विचारणार होते. पण ती सध्या वेगळ्याच काळजीत आहे. त्यांच्या घरमालकांनी जागा खाली करायला सांगितली आहे. मुलाचं लग्न आहे म्हणे. हा मुलगा तिसरीत आहे. इस्रानेच सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. तिचं हसू मला कधीकधी कळत नाही. तिचे बाबा इथे शेतकीत पीएचडी करायला आले होते. ती झाली, आणि परत जायच्या वेळी तिकडे युद्ध सुरू झालं. खार्टूममध्ये त्यांचं घर आहे की नाही हेही आता त्यांना माहीत नाही.

तू काळजी करू नकोस. मला एक भारी कल्पना सुचली आहे. जमली की कळवते.

सलोनी


बुधवार, ३० जुलै

दादा,

जमली नाही.

दोन दिवस लिहायचं टाळत होते. तू म्हणशील हिने बाबांची तक्रार करायला पत्र लिहिलंय. तक्रार नाही ही. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

सदाशिव पेठेतला आपला आजोबांचा दोन खोल्यांचा फ्लॅट जूनपासून रिकामा आहे. ती स्पर्धा परीक्षांची मुलं सोडून गेली. मला वाटलं, हे तर किती सोपं आहे! मी इस्राला सांगून टाकलं. बाबांना विचारायच्या आधीच. मला वाटलंच नाही की विचारायला लागेल. ग्रुपवर एवढं लिहिणारे बाबा!

रविवारी इस्रा आणि तिची आई आमच्याबरोबर फ्लॅट बघायला आल्या. बाबांना मी नुसतं 'मैत्रिणीकडच्यांना हवाय' असं सांगितलं होतं. जिन्याखाली ती पाटी अजून आहे, 'चपला बाहेर काढा, आवाज घरी ठेवून या'. इस्राने ती मोठ्याने वाचली आणि तिच्या आईला अरबीत सांगितली, तर त्या इतक्या हसल्या की पहिल्या मजल्यावरचे यज्ञेश्वरकाका बाहेर आले. ते आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "अहो, जरा येता का?"

बाबा पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. इस्राच्या आई स्वयंपाकघरात नळ सोडून बघत होत्या. खिडकीतून कुठलं झाड दिसतं ते बघत होत्या. बाबा हिंदीत म्हणाले, "भाभी, असं आहे की, या फ्लॅटचं अजून आमच्या घरात ठरलेलं नाही." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

इस्राच्या आईंनी नळ बंद केला. "कोई बात नहीं भाईसाहब," म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, दादा. जसं काही वाक्य तयारच होतं.

घरी आल्यावर मी खूप बोलले. बाबा म्हणाले, परदेशी भाडेकरू म्हणजे पोलिसांकडे कळवा, कागदपत्रं, सोसायटी कटकट करेल, मला वेळ आहे का? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दिवाळीत आपल्या सलिलचा तो टांझानियाचा मित्र आला होता, त्याला तुम्ही हाताने करंज्या वाढल्यात. 'हाही आपलाच मुलगा' म्हणालात. फोटो अजून तुमच्या फोनवर आहे."

बाबा म्हणाले, "तो पाहुणा होता. पाहुणा संध्याकाळी परत जातो."

मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं. उठून गॅलरीत गेले.

मला बाबांचा राग येतो आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटतं. दोन्ही एकदम होतं. असं तुला कधी झालंय का?

इस्रा शाळेत नेहमीसारखी वागते. फक्त मला म्हणाली, "हे शाळेत कुणाला सांगू नकोस. प्लीज." मी म्हटलं नाही सांगणार. बाबांना तू काही लिहू नकोस, माझी शपथ.

सलोनी


शनिवार, ९ ऑगस्ट
राखीपौर्णिमा

दादा,

राखी आधीच पाठवली होती, बांधली असशील. कुणाकडून बांधून घेतलीस? स्वतःच एका हाताने आणि दाताने गाठ मारलीस ना? मला दिसतोयस तू तसा.

काल चर्चा झाली. सगळं सांगते. मधेच मला वाईट म्हणू नकोस, शेवटपर्यंत वाच.

शेफालीने मोठा तक्ता आणला होता. तारखा, फोटो, घोषणा. ती चांगलं बोलली. मग उल्का मॅडम म्हणाल्या, "संभाजी, तुझा विरोध होता. कारण सांगशील?"

त्याने आधी वही मिटली. मग उठला. म्हणाला, "सातवीत अस्पृश्यतेवर धडा होता. सरांनी वाचायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं पाहिलं. घंटा झाल्यावर सगळे डबा खायला गेले. मी धड्यातच राहिलो."

दादा, त्या माना वळवणाऱ्यांत मी होते की नाही मला आठवत नाही. असणारच.

"म्हणून म्हणतोय," तो म्हणाला, "बोलायचं तर बोला. पण इस्राचा धडा करू नका."

शेफाली रडायला लागली. "मी काय चूक केलं? मी निदान विषय तर काढला!" आणि तेही खरं होतं. तिने काढला नसता तर संभाजी हे कधीच बोलला नसता. मॅडम मागच्या बाकावरून काहीच म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला, पण आता वाटतं बरं केलं.

मग इस्रा उभी राहिली. म्हणाली, "संभाजी, थँक यू. पण तू पण मला विचारलं नाहीस." सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाली, "मला अमेरिकेचं जास्त माहीत नाही. मी तिथे कधी गेले नाही. तुम्ही मला बघून अमेरिकेबद्दल बोलता याची मला गंमत वाटते. मी वयाच्या सातव्या वर्षापासून खडकीची आहे. विचारायचं तर खडकीचं विचारा."

अर्शियाने विचारलं, "मग खडकीत कसं आहे?"

"बरं आहे. बसमध्ये माझ्या शेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते. आई म्हणते चांगलं आहे, दप्तर ठेवता येतं."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. मी म्हटलं, "हिला घर मिळत नाहीये. आणि नाही म्हणणाऱ्यांत माझे बाबा आहेत."

बोलून झाल्यावर मला क्षणभर फार हलकं वाटलं. फार शूर. मग मी इस्राकडे पाहिलं.

घंटा झाल्यावर ती मला पाण्याच्या टाकीपाशी गाठून म्हणाली, "ती माझी गोष्ट होती, सलोनी. मी तुला नको सांगू म्हटलं होतं." ओरडली नाही. मराठीतच म्हणाली, सावकाश, सगळे शब्द नीट. "सोमवारपासून सगळे माझ्याकडे 'घर मिळालं का' म्हणून बघणार. तुला मोकळं वाटलं. मला काय वाटलं?" आणि गेली.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. शेफालीच्या आईचा फोन. बाबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसले. मला वाटलं आता रागावणार.

"वर्गात माझं नाव घेतलंस?"

"नाव नाही घेतलं. 'माझे बाबा' म्हटलं."

"हं," ते म्हणाले. "ते नावापेक्षा जास्त झालं."

बास. तेव्हापासून ते घरात बोलत नाहीयेत. आज सकाळी आत्या आली तेव्हा राखीसाठी हात पुढे केला, हसले, आणि परत गप्प. आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तू चुकलीस, आणि ते तुझ्या आधी चुकले. आता दोघांनी जेवून घ्या."

श्रीखंड होतं. मला गेलं नाही.

सलोनी


सोमवार, १८ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं. यावेळी दोन पानं! आणि तू शपथ मोडून बाबांनाही वेगळं लिहिलंस हे मला कळलंय. त्यात काय लिहिलंस मी विचारणार नाही. बाबांनी ते वाचून मला एवढंच सांगितलं, "तुझ्या भावाचं शुद्धलेखन अजून तसंच आहे."

काल रविवार होता. सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मला म्हणाले, "चल. इस्राच्या वडिलांकडे जायचंय." मला वाटलं त्यांच्या खडकी बाजारातल्या घरी जायचं, तर म्हणाले, "ते कोंढव्याला गेलेत कालच. मी पत्ता काढलाय." अर्शियाच्या मामांनी, मकसूदमामांनी, स्वतःच्या दुकानावरची जागा त्यांना दिली आहे. अर्शियाने हे सगळं गुपचूप जमवलं होतं. तिने इस्राला आधी विचारलं, मग तिच्या आईला, मग मामांना. या क्रमाने. माझ्या नेमकं उलट.

वाटेत बाबांनी स्कूटर सदाशिव पेठेत थांबवली. वर जाऊन यज्ञेश्वरकाकांची बेल वाजवली. काका म्हणाले, "आमच्याकडे परदेशी लोकांचा प्रश्न नाही हो, पाण्याचा आहे."

बाबा म्हणाले, "परदेशी माणसंही आपल्याएवढंच पाणी पितात. उद्या माझ्याकडे कुणीही भाडेकरू आला तर पोलिसांचे कागद मी करीन आणि तुम्हाला कळवीन. विचारायला येणार नाही." आणि खाली उतरले. त्यांचे कान लाल झाले होते. बाबांना भांडण जमत नाही, तुला माहीत आहे.

कोंढव्यात जिन्यात खोकी रचून ठेवली होती. इस्राचे बाबा बनियनवर पंखा लावत होते. आम्हाला बघून घाईघाईने शर्ट घालून आले. इस्राच्या आईंनी आलं घातलेली काळी कॉफी आणली. आपले बाबा कॉफी पीत नाहीत. प्यायले.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "मी त्या दिवशी घरात ठरलेलं नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. फ्लॅट माझा आहे, ठरवायचं मला होतं. मी घाबरलो आणि नाही म्हटलं. फ्लॅट अजून रिकामा आहे. तुम्हाला हवा असेल तर तुमचा."

हे त्यांनी हिंदीत सांगितलं. त्यांचं हिंदी तुला माहीत आहे, पण काल एक शब्द अडला नाही.

इस्राच्या बाबांनी त्यांच्या कपात परत कॉफी ओतली. मग म्हणाले, "नाही म्हणणारे पुष्कळ भेटले भाईसाहब. परत येऊन ते सांगणारे तुम्ही पहिले." आणि म्हणाले, मकसूदभाईंना शब्द दिलाय, आता बदलणार नाही. बाबांनी मान हलवली. मग पंखा अर्धवट लटकत होता त्याकडे बघून म्हणाले, "याची वायर उलटी जोडली आहे तुम्ही." आणि दोघं स्टुलावर चढले. पुढचा तासभर ते दोघे वरच होते.

मी आणि इस्रा गच्चीवर गेलो. मी सॉरी म्हटलं. घरी पाठ करून आलेलं सगळं विसरले आणि नुसतं सॉरी म्हटलं. ती कठड्याला टेकून उभी होती.

"पुढच्या वेळी आधी मला विचार," ती म्हणाली.

"हो."

"चांगलं करायचं असेल तरी."

"हो."

"आणि रडू नकोस. आई वर आली तर मला ओरडेल, पाहुण्यांना रडवलं म्हणून."

मग मी भीत भीत विचारलं, शाळा बदलणार का? तिची आई म्हणतेय इथलीच जवळची शाळा घेऊ, रोज एवढ्या लांब कशाला. इस्राने सांगितलं, "मी आईला म्हटलं, नववीत मध्येच नवीन वर्ग म्हणजे परत सगळ्यांनी पहिल्यापासून माझ्याकडे बघायचं. यांचं निदान बघून झालंय." मला हसावं की काय कळेना. तीच आधी हसली. बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रो, खडकीचं स्टेशन आता सुरू झालंय. पण पहिले काही दिवस वेळेचा अंदाज येईपर्यंत उशीर होणार. म्हणाली, "हजेरीला माझं नाव आलं तर मॅडमना सांगशील? हे सांगायला माझी परवानगी आहे."

दादा, आज सकाळी पहिल्याच तासाला उल्का मॅडम होत्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, गेली वाटतं ती दुसऱ्या शाळेत. संभाजीने वळून माझ्याकडे पाहिलं, शेफालीनेही. मॅडमनी इस्राचं नाव घेतलं, पेन उचललेलं तसंच धरलं आणि वर पाहिलं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "येतेय, मॅडम."

सलोनी